दोन गार्ड, एक जागा

डिसेंबर लागला की मल्लेश्वरमच्या बाजारात अवरेकाईचे ढीग पडतात. आपल्या पावट्याचीच ही जात, पण बंगळूरची माणसं तिच्यासाठी जो जीव टाकतात तो पाहिला की पावट्याची कीव येते. शेंगांवर दव हवं, हाताला तेलकट उग्र वास लागायला हवा. गिऱ्हाईक मूठभर शेंगा नाकाशी नेतं, क्षणभर डोळे मिटतं आणि मगच पिशवी पुढे करतं. आमची ही पुण्याची. पहिल्या वर्षी तिने नाक मुरडलं होतं. आता शेंगा कोरड्या निघाल्या तर ती बाजारातल्या अक्काशी कन्नडमध्ये भांडते. महिनाभर आमटीत अवरे, उपम्यात अवरे, आणि दुपारभर मायलेकी अंगणात दाणे सोलत बसलेल्या.

मला मात्र तो वास आला की लाज वाटते. आठ वर्षं झाली, दरवर्षी वाटते. भाजीच्या वासाने लाज वाटणारा माणूस दुसरा कुणी असेल असं मला वाटत नाही, आणि म्हणूनच हे आजवर घरातही कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्या कारखान्याचं बास्केटबॉलचं मैदान तेव्हा शहराच्या कडेला होतं आणि कुंपणापलीकडे अवरेचं शेत. आता तिथे सिमेंटचं गुळगुळीत कोर्ट झालंय, शेत गेलं, क्वार्टर्स उठल्या. तेव्हा तांबड्या मातीचं मैदान होतं. सकाळी पाणी मारून, रूळ फिरवून ते घट्ट करायचे, आणि संध्याकाळी खेळाडूंचे पांढरे मोजे घोट्यापर्यंत लाल व्हायचे. ओल्या मातीचा आणि शेंगांचा वास एकमेकांत मिसळून जायचा. मी टेबलाशी बसून गुण मांडायचो.

बास्केटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. सरकारी कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात मी पुण्याहून नवा आलेलो, वय चोवीस, अक्षर बरं. अक्षर बरं एवढ्या भांडवलावर मला संघाचा मानद चिटणीस केलं. पण पुणेकराला एखाद्या गोष्टीतलं कळत नाही म्हणून तो मत द्यायचा थांबतो असं थोडंच आहे? दोन महिन्यांत मी कॅन्टीनमध्ये अधिकारवाणीने बोलू लागलो. पाच खेळाडूंतला एक गार्ड असतो, तो चेंडू थापटत पुढे आणतो, कुणी कुठे पळायचं ते ठरवतो, बास्केट दुसरा टाकतो पण ती घडवतो हा, असं मी नव्या लोकांना समजावून सांगायचो. आणि मग विचारायचो, "बोला, आपल्या दोघांत थोर कोण?"

दोघं म्हणजे सुधीर लिमये आणि व्यंकण्णा. म्हैसूर राज्यात त्या वेळी गार्ड म्हणून पहिली दोन नावं ह्यांचीच घेतली जायची, आणि दोन्ही आमच्याकडे. कारखान्याने दोघांना खेळण्यासाठीच ठेवलेलं. सकाळी दोन तास स्टोअरमध्ये कार्डांवर शिक्के मारायचे आणि दुपारपासून मैदानावर. पोटापाण्यासाठी खेळणारी माणसं मी तोवर पाहिली नव्हती. मला त्यांचा हेवा वाटायचा.

पण दोघंही हंगामी होते. हंगाम संपला की त्यांतल्या एकाला कायम करायचं असं वरून ठरून आलं होतं. जागा एकच होती.

सुधीर माझ्याच पेठेतला निघाला. त्याचा खेळ त्याच्या शर्टासारखा इस्त्रीचा. चेंडूकडे न बघता चेंडू खेळवायचा, मान ताठ, आणि पास असा छातीवर येऊन बसायचा की घेणाऱ्याला बोटही हलवावं लागू नये. पाहत राहावं असा खेळ. व्यंकण्णाकडे पाहून काही कळायचं नाही. तो बुटका, किंचित पोक काढलेला, आणि चेंडू असा थापटायचा की जणू कुणाची पाठ थोपटतोय. पण त्याचा खेळ ऐकायला यावं. तोंडाची टकळी अखंड चालू.

"ओडु रे कुट्टी, ओडु! डावीकडं बा! हां, सरी, सरी! आता टाक की रे, काय बघालास!"

ओडु म्हणजे पळ, बा म्हणजे ये आणि सरी म्हणजे बरोबर, हे मला त्याच्यामुळे कळलं. संघात मलयाळी, तमिळ, कन्नड, एक अँग्लो-इंडियन, सगळे होते. सगळ्यांना त्याचं ते खिचडीचं बोलणं कळायचं. तो बोलायचा आणि पाच माणसं एका माणसासारखी हलायची. आमचा उंच सेंटर कुट्टी मला एकदा म्हणाला होता, "सर, व्यंकण्णा बोलता है तो मैं आँख बंद करके भी खेल सकता हूँ." त्या वेळी मी हसलो होतो. कुट्टीला तुलना करता येत नाही असं माझं मत पडलं.

व्यंकण्णाचं खरं नाव व्यंकटराव जगताप. त्याचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे उतरले आणि इकडचेच झाले. घरात मराठीच, पण तीनशे वर्षं कन्नडच्या शेजारात मुरलेली. चिकपेटेत त्याच्या थोरल्या भावाचं साड्यांचं घाऊक दुकान होतं आणि हा कायम झाला नाही तर त्याने दुकानात यावं असं भावाने बजावून ठेवलं होतं. व्यंकण्णा हे मला सरावानंतर पाणी पिता पिता सांगायचा. "आगाशेण्णा, गादीवर मांडी घालून बसलं की गुडघे जातेत बघा. मला अजून दहा वरसं खेळायचंय. कायम झालो तर खेळतो. नाही तर संपलं की." हे बोलताना त्याचे डोळे माझ्यावर नसायचे, बास्केटच्या कडीवर असायचे.

मला तो आवडायचा. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल की मी त्याचा द्वेष करायचो. द्वेष केला असता तर निदान कारण तरी सांगता आलं असतं.

आमच्या मराठी मंडळाचा गणेशोत्सव मल्लेश्वरमात व्हायचा. कारखान्यात, संशोधन संस्थेत नोकरीला आलेली आम्ही पुण्या-मुंबईची मंडळी त्यात पुढे असायचो. इथली जुनी मराठी घरं आरतीला यायची, मागच्या सतरंजीवर बसायची, प्रसाद घ्यायची आणि जायची. त्यांना कार्यकारिणीत का घेत नाही असा प्रश्न कुणाला पडला नव्हता. सातव्या दिवशी गुणदर्शनाचा कार्यक्रम असे आणि त्यात माझ्या नकला ठरलेल्या. आदल्या वर्षी कॅन्टीनचा मॅनेजर केला होता. त्या वर्षी व्यंकण्णा केला.

खांद्यावर टॉवेल, किंचित पोक, हातात चेंडूऐवजी आरतीचा नारळ. "ओडु रे गणपती, ओडु! स्वल्प थांब की, मोदक घेऊन बा!" लोक गडाबडा हसले. मला चेव चढला. मी त्याच्या तोंडी दुकानातलं बोलणं घातलं, घरातलं घातलं, मुलगी बघायला गेलेला व्यंकण्णा घातला. पाच मिनिटांची नक्कल पंधरा मिनिटं चालली. सुधीर पहिल्या रांगेत मांडीवर थापा मारत होता.

व्यंकण्णा मागे आईजवळ बसला होता. तोही हसत होता. नक्कल संपल्यावर सगळे माना वळवून त्याच्याकडे बघायला लागले तेव्हा त्याने उठून हात जोडले. खिलाडू माणूस, असं सगळे म्हणाले. टाळ्या थांबल्या आणि त्या एका क्षणाच्या शांततेत त्याच्या आईचा आवाज आला. ती शेजारणीला विचारत होती, "आमच्यासारखंच बोलालेत की गं. हसालेत का सगळे?"

त्यावर तर छप्पर उडालं. मी व्यासपीठावरून वाकून तिला नमस्कार केला आणि आणखी एकदा टाळ्या घेतल्या.

माणूस एका दिवसात गप्प होत नाही. दुसऱ्या दिवशी तो मैदानावर आला तेव्हा पोरांनी लगेच सुरू केलं, "ओडु रे गणपती!" तो हसला. आठवडाभर हसला. मग ओरडायच्या आधी तो थोडा अडखळायला लागला. तोंड उघडायचं, आवाज यायचा नाही, आणि तेवढ्यात कुट्टी चुकीच्या बाजूला पळालेला असायचा. दसऱ्यापर्यंत तो फक्त बोटांनी खुणा करू लागला. कुंपणापलीकडे अवरेला फुलं आली, मग शेंगा धरल्या, आणि मैदानावर चेंडूची थपथप तेवढी ऐकू येऊ लागली. माझ्याशीही तो कमी बोलायचा. बोललाच तर इंग्रजीत, "येस सर", "नो सर". मी मनात म्हटलं, बरं झालं, पोरगं सुधारतंय.

खरंच असंच म्हटलं. शब्दसुद्धा हेच होते.

कुट्टीने विचारलं होतं, "व्यंकण्णा को क्या हुआ सर? घर में कुछ हुआ क्या?" मी खांदे उडवले.

डिसेंबरच्या शेवटी येलहंक्याला हवाई दलाच्या संघाशी सामना होता. कारखान्याच्या बसने गेलो, धुकं इतकं की बसच्या पुढे क्लीनर चालत होता. पूर्वार्ध सुधीर खेळला, उत्तरार्ध व्यंकण्णा, म्हणजे तुलना चोख व्हावी. शेवटच्या मिनिटाला बरोबरी होती. व्यंकण्णाने डावीकडे रिकाम्या जागेत पास टाकला. जागा अचूक होती, तिथे कुट्टी असायला हवा होता. पण कुट्टीला कुणी सांगितलंच नव्हतं. चेंडू रेषेबाहेर गेला, त्यांनी तो घेतला, बास्केट केली आणि आम्ही दोन गुणांनी हरलो. मी टेबलाशी होतो. चेंडू त्याच्या हातातून सुटायच्या आधी त्याचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. ते तसंच मिटलेलंही पाहिलं.

आमचे क्रीडा अधिकारी निवृत्त फौजी, सगळे त्यांना कॅप्टनसाहेब म्हणायचे. त्यांनी मला बोलावलं. वरच्या साहेबांना दोघांची तुलना करणारी टिपणी हवी होती, एक पान. कॅप्टनसाहेबांना खेळ कळायचा, लिहिणं नकोसं वाटायचं. म्हणाले, "आप लिखिए. दोनों मराठी, आप भी मराठी. पक्षपात का सवाल ही नहीं."

मलाही ते पटलं. आम्ही तिघंही मराठी, मग पक्षपात कसला? त्या खोलीत बसून मी जितका निःपक्षपाती होतो तितका आयुष्यात पुन्हा कधी झालो नाही. कागदाला मधोमध रेघ मारली. वेग, बरोबरीचा. चेंडूवरची हुकमत, बरोबरीची. नजर, व्यंकण्णा किंचित सरस, हेसुद्धा लिहिलं आणि स्वतःच्या न्यायबुद्धीवर खूश झालो. मग शेवटची ओळ. टिपणी इंग्रजीत होती, अर्थ असा: श्री. जगताप मैदानावर सहकाऱ्यांशी बोलत नाहीत. गार्डच्या अंगी असावा लागणारा अधिकार त्यांच्या आवाजात नाही.

यात एक अक्षर खोटं नव्हतं. कोर्टात शपथेवर सांगितलं असतं तरी चाललं असतं.

जानेवारीत सुधीर कायम झाला. व्यंकण्णाला पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तो कारखान्याचे कॅनव्हासचे बूट परत करायला आला. चिटणीस म्हणून ते मीच ताब्यात घेतले. बूट धुतलेले होते. नाड्याही काढून, धुवून, पांढऱ्या स्वच्छ करून पुन्हा ओवलेल्या होत्या. तांबड्या मातीचा एक डाग नव्हता. मी पोच लिहून दिली. तो "थँक यू सर" म्हणाला आणि गेटकडे गेला.

टोचलं ते सुधीरमुळे. टिपणी त्याच्या कानावर आली तेव्हा तो कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर बसला आणि कॉफी ढवळत म्हणाला, "आगाशे, तो बोलत नाही असं लिहिलंस? लेका, गणपतीआधी त्याच्या तोंडाला कुलूप लावा असं तूच म्हणत होतास ना?"

"मग काय लिहू? आता बोलत नाही ते खरंच आहे."

"हो, खरं आहे," सुधीर म्हणाला, आणि कॉफी अर्धी टाकून उठला. दोन हंगाम तो झकास खेळला, मग मुंबईला बरी नोकरी मिळाली म्हणून गेला. सुधीर खेळायला वाईट असता तर फार बरं झालं असतं. कुणीतरी मला जाब विचारला असता. पण निवड उत्तम ठरली, आम्ही ढाली जिंकल्या, आणि माझ्या टिपणीचं कॅप्टनसाहेबांनी कौतुक केलं. थोर कोण, हा प्रश्न मी त्यानंतर कॅन्टीनमध्ये कधी विचारला नाही. अवरेच्या दिवसांत तर मैदानाच्या वाटेलाही गेलो नाही.

लाज ही चीज चिवट असते खरी, पण तिच्याशी जमवूनही घेता येतं. ती येते, आपण पेपर उघडतो, ती जाते. मीही असाच वर्षाला एक महिना ओशाळून अकरा महिने सुखाने राहत होतो. यंदा आमच्या नंदीने ते मोडलं.

नंदी सात वर्षांची. शाळेच्या मैदानावर सकाळी मुलींना बास्केटबॉल शिकवतात, तिथे ती जाऊ लागली. एक दिवस अवरे सोलता सोलता आईला सांगत होती, "आमचे सर कित्ती छान शिकवतात, पण बोलतच नाहीत. शिट्टी वाजवतात आणि बोटांनी दाखवतात. दोन बोटं म्हणजे डावीकडे, मूठ म्हणजे थांब."

"मुके आहेत का गं?" हिने विचारलं.

"नाही गं! खेळ संपला की बोलतात की. स्वल्प स्वल्प."

नाव विचारायची मला गरज नव्हती. तरी विचारलं. जगताप सर, असं तिने सांगितलं. मी उठून आत गेलो आणि उगाच कपाट आवरत बसलो.

त्या रविवारी दुपारी मी चिकपेटेत गेलो. आठ वर्षं मी ती गल्ली टाळली होती. साड्यासुद्धा दुसरीकडून आणायचो, महाग पडल्या तरी. काय बोलायचं ते बसमध्ये घोकत होतो. दोनच गोष्टी सांगायच्या होत्या. टिपणी मी लिहिली, ही एक. आणि तू गप्प झालास तो माझ्यामुळे, ही दुसरी. दुसरी सांगितल्याशिवाय पहिलीला काही अर्थ नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं.

दुकानाच्या दारातच त्याचा आवाज ऐकू आला. पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसला होता, जाड झाला होता, आणि समोरच्या दोन बायकांशी कन्नडमध्ये नुसता धबधबा चालला होता. साडी उलगडत, पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवत, हसवत, आर्जवं करत. मधेच तमिळमध्ये कुणाला तरी हाक मारली, तेलुगूत एकाला वर पाठवलं. तो मैदानावरचाच आवाज होता, जसाच्या तसा. मी दारात उभा राहून ऐकत राहिलो. मला वाटलं, चला, सगळं काही गेलेलं नाही.

मग त्याने मला पाहिलं. क्षणभर तोंड उघडं राहिलं आणि मिटलं. गुडघ्यावर हात टेकून तो सावकाश उठला.

"या, आगाशेसाहेब. बसावं. आपल्या येण्याने फार आनंद झाला."

एकेक शब्द सुटा, घासूनपुसून ठेवलेला. आमच्या पेठेतले शाळामास्तर बोलत तसा. मी बसलो. कॉफी आली. नंदीबद्दल बोललो, तिच्या मनगटात जोर आहे म्हणाला. मी त्याला अहो-जाहो करत होतो आणि ते कधी सुरू झालं ते मला कळलं नव्हतं. कॉफी संपत आली तेव्हा मी एकदाचं म्हटलं, "व्यंकटराव, ती टिपणी मी लिहिली होती. तुम्ही मैदानावर बोलत नाही, असं मी लिहिलं."

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "आपण खरं तेच लिहिलंत. मी बोलत नव्हतो. गार्डने बोललं पाहिजे. मीही आपल्या जागी असतो तर तेच लिहिलं असतं."

त्याच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. मी शोधला. आठ वर्षं हा माणूस स्वतःचीच चूक मानून गादीवर बसला होता. आता दुसरी गोष्ट सांगायची पाळी होती. ती अगदी जिभेवर होती. तेवढ्यात तो थोडा पुढे सरकला आणि आवाज उतरवून, जरा संकोचून म्हणाला, "त्यानंतर मी पुष्कळ वाचन केलं. वाचनालयातून पुस्तकं आणून मोठ्याने वाचतो. घरीसुद्धा असंच बोलतो. आई म्हणते, कुणी पावणा आलाय की काय घरात." तो हसला. "आपण पुण्याचे, म्हणून विचारतो. आता बरं आहे ना माझं मराठी?"

तो खरंच उत्तराची वाट पाहत होता, परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहावं तसा. बायका साडी हातात धरून खोळंबल्या होत्या. मी कप खाली ठेवला.

"छान आहे," मी म्हणालो. "अगदी आमच्यासारखं."

त्याचा चेहरा इतका उजळला की मला तिथे बसवेना. नंदीची शाळा सुटायची वेळ झाली, असं मी सांगितलं. रविवार होता.